व्हेसिकल म्हणजे पुटकुळी?

फोंड्याच्या एका ताईंनी क्रीमच्या मराठी माहितीपत्रकातलं वाक्य पाठवलंय: ‘पुटकुळ्यांद्वारे त्वचेस आर्द्रतेचे वितरण.’ इथे पुटकुळी हा शब्द बरोबर का, असं त्या विचारतात.

ताई, आधी मी पोटभर हसलो. मग भाषांतरकाराची कीव आली, कारण त्याने मूळ इंग्रजीतल्या ‘व्हेसिकल’साठी शब्दकोश पाहूनच हे लिहिलं असणार. लॅटिनमध्ये ‘व्हेसिका’ म्हणजे मूत्राशय, फोडसुद्धा. ‘व्हेसिकल’ हे त्याचं लघुरूप. त्वचारोगात कांजिण्यांच्या पाणीदार फोडाला व्हेसिकलच म्हणतात. अर्थ खरा, जागा चुकली.

क्रीममधली व्हेसिकल वेगळी. लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाणी टाळतात. पाण्यात हे रेणू शेपट्या आत लपवून दुहेरी पापुद्रा धरतात आणि तो वळून बंद पिशवी होते. नेवरीच, म्हणजे करंजीच म्हणा ना, फक्त हिची कड कुणी मुडपावी लागत नाही. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, म्हणून ते पोटात राहतं. सेरामाइड हा त्वचेतही असणारा स्निग्ध पदार्थ, तो पापुद्र्यातच मुरतो. केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पिशव्या पाहिल्या, कांद्यासारखे एकात एक पापुद्रे असलेल्या. या पिशव्यांचं ‘लायपोसोम’ हे नाव 1968 सालचं. ग्रीकमध्ये लिपोस म्हणजे चरबी, सोमा म्हणजे शरीर.

मग मराठीत काय म्हणायचं? शास्त्रीय लेखात ‘पुटिका’ चालेल. पुट म्हणजे पोकळी, खोलगट पात्र: पर्णपुट, नासापुट. पण गिऱ्हाइकाच्या कानाला पुटिका ही पुटकुळीची धाकटी बहीणच वाटणार. मला स्वतःला ‘संपुट’ आवडतो. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून मिटवल्या की संपुट, वस्तूचं वर्णन अगदी नेमकं. तरी आपल्याकडे संपुट म्हटलं की लोकांना आधी मंत्रपाठ आठवेल. म्हणून माहितीपत्रकात सरळ ‘सूक्ष्म पिशव्या’ लिहा.

‘वितरण’ही काढा. वितरण रेशनचं होतं, बक्षिसांचं होतं. इथे ‘पोचवणे’ पुरे. आर्द्रता वेधशाळेकडे राहू दे, त्वचेला ओलावा म्हणतात. आणि पिशवी ओलावा वाहून नेत नाही, ओलावा धरून ठेवणारे घटक नेते. (भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळणाऱ्या आजीला यातलं काहीच भाषांतर लागलं नाही, ते सोडा.) ‘खोलवर’ हा जाहिरातींचा लाडका शब्दही टाळा, या पिशव्या बहुधा वरच्या मृत पेशींच्या थरातच फुटतात नाहीतर तिथल्या स्निग्धात मिसळून जातात.

तेव्हा वाक्य असं करा: ‘सूक्ष्म पिशव्यांतून ओलावा टिकवणारे घटक त्वचेच्या वरच्या थरात पोचतात.’

पुटकुळी मात्र खालच्या सूचनेत हवीच: ‘पुटकुळ्या उठल्यास वापर थांबवावा.’