जपानची पारंपरिक कला म्हणजे चीनची नक्कलच ना? मग त्यात जपानचं स्वतःचं काय?

नक्कल म्हणणं मला पटत नाही. उसनवारी मात्र भरपूर आहे आणि जपानी लोक ती लपवतही नाहीत. शिवाय तुमच्या प्रश्नातून कोरिया सुटलाय. बुद्धाची मूर्ती आणि सूत्रं जपानच्या दरबारात पोचली ती कोरियातल्या पैक्चे राज्याकडून. साल जुन्या नोंदींत कुठे 538 आहे, कुठे 552. मागोमाग तिथूनच भिक्षू, देवळं बांधणारे सुतार आणि कौलं करणारे कारागीर आले.

नारा या जपानच्या जुन्या राजधानीजवळच्या होर्यूजी मंदिरात दोन मीटरहून उंच, सडपातळ अशी लाकडी कान्नोन उभी आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. तिला म्हणतात कुदारा कान्नोन, आणि कुदारा हे पैक्चेचं जपानी नाव. पण लाकूड कापराच्या झाडाचं, आणि त्या काळात जपानात लाकडी मूर्ती घडवायच्या त्या बहुतेक याच लाकडात. म्हणून ती जपानातच घडली असं सहसा मानतात. नाव परदेशी, लाकूड घरचं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

याच मंदिराच्या मुख्य सभागृहातल्या भित्तिचित्रांमधला एक बोधिसत्त्व पाहिला की मराठी माणसाला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवल्याशिवाय राहत नाही. तीच झुकलेली मान, तसाच मुकुट. पण म्हणून अजिंठ्याचे चित्रकार जपानला गेले असं ठोकून देऊ नका. शैलीचा प्रवास मध्य आशिया आणि तांग राजवटीतला चीन असा, मुक्काम करत करत झाला. आराई कान्पो नावाचा जपानी चित्रकार मात्र खरोखर अजिंठ्याला येऊन नकला करून गेला, पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्या नकला 1923 च्या भूकंपात जळाल्या. पुढे 1940 मध्ये होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करायचं काम सुरू झालं, त्यातही तो होता. ते चालू असतानाच 26 जानेवारी 1949 ला सभागृहाला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळली. जुन्या कलावस्तूंच्या रक्षणाचा जपानचा 1950 चा कायदा या आगीनंतरच आला.

आता जपानचं स्वतःचं. 894 मध्ये चीनला शिष्टमंडळ पाठवायचा बेत रद्द झाला, तो कायमचाच. व्यापाऱ्यांची ये-जा थांबली नाही, पण दरबार आपल्याच आवडीनिवडीत रमला. चित्रांची दोन नावं पडली: चिनी विषयांची ती 'कारा-ए', आपली ती 'यामातो-ए'. म्हणजे तुम्ही आज विचारताय तो भेद त्यांनी हजारेक वर्षांपूर्वीच केला होता! गेंजीची कथा म्हणजे जपानी दरबारातल्या आयुष्यावरची जुनी कादंबरी. तिची बाराव्या शतकातली चित्रगुंडाळी बघा. घराचं छप्परच काढून टाकलंय आणि आपण वरून, तिरकं, आत डोकावतोय. डोळ्याच्या जागी बारीक रेघ, नाकाच्या जागी आकडी. चेहरा काहीच सांगत नाही. दुःख कळतं ते तिरप्या खांबांवरून आणि पसरलेल्या वस्त्रांवरून. याला नक्कल म्हणायचं तर कशाची?

आणि एक. उसनं आणलेलं त्यांनी जपलं कसं, तेही पाहा. सम्राट शोमूच्या वस्तू 756 मध्ये त्याच्या राणीने तोदाइजी मंदिराला अर्पण केल्या, त्या शोसोइन नावाच्या लाकडी कोठारात राहिल्या. त्यात पाच तारांची एक बिवा आहे. हे वाद्य मुळात भारताकडचं, मध्य आशियातून चीनला गेलेलं. तिच्यावर शिंपल्याच्या जडावात उंटावर बसून वाजवणारा वादक आहे. जपानात उंट कुठला! त्या काळातली पाच तारांची अशी बिवा जगात आज ही एवढीच उरली आहे, चीनमध्येही नाही.

शरदात नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइनमधल्या मोजक्या वस्तू दोनेक आठवडे मांडतात. बिवा दर वर्षी नसते, तेव्हा जायचं असेल तर आधी यादी बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.