नेक्सॉन की थ्रीएक्सओ, आणि वडील म्हणतात म्हणून डिझेल घ्यावे का?

आपण विचारले आहे की घर नाशिकच्या कॉलेज रोडला, नोकरी सातपूरला, हाताशी बारा लाखांच्या आसपास रक्कम आणि वर्षातून तीन-चार वेळा पुण्याची फेरी, अशा परिस्थितीत टाटा नेक्सॉन घ्यावी की महिंद्रा एक्सयूव्ही थ्रीएक्सओ. प्रश्नाच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की वडिलांचा आग्रह डिझेलचाच आहे. मी उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. या दोन गाड्यांतली कोणतीही घेतली तरी आपले फारसे बिघडणार नाही. इंधन चुकीचे निवडले तर काय होते, ते मात्र मी जवळजवळ तीन वर्षे सोसले आहे.

माझे घर गंगापूर रोडला आनंदवल्लीजवळ आणि कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे एका बाजूचे अंतर जेमतेम साडेपाच किलोमीटर. २०२१ च्या दिवाळी पाडव्याला मी पहिली नवी गाडी घेतली, ती चार मीटरांच्या आतली डिझेल एसयूव्ही होती. तिचे नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. निर्णय थोरल्या दादांचा होता. दादांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे, हंगामात ते आठवड्यातून दोनदा वाशीच्या बाजारात जातात आणि वीस वर्षांत त्यांनी डिझेलशिवाय दुसरी गाडी वापरलेली नाही. शोरूममध्ये मी पेट्रोलचा भाव विचारत असताना ते म्हणाले, "घाट चढायचा असेल तर डिझेलच. पेट्रोल ही शहरातल्या लोकांची गाडी." मी शहरातलाच माणूस आहे, हे तेव्हा मी त्यांना सांगायला हवे होते.

पहिले वर्ष बरे गेले. नंतर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा अधूनमधून लागू लागला. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर या वर्गातल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी आली. ती काजळी अडवते आणि साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकते. जाळण्यासाठी तिथले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे न थांबता बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. साडेपाच किलोमीटरांच्या रस्त्यावर, चार सिग्नल आणि नऊ गतिरोधक ओलांडताना, इंजिन नीट तापायच्या आतच मी कारखान्याच्या फाटकाशी पोहोचत असे. जाळण्याची क्रिया सुरू होऊन मध्येच तुटली की त्यासाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. मग मी रात्री जेवण झाल्यावर केवळ तो दिवा विझवण्यासाठी आग्रा रोडने ओझरपर्यंत जाऊन परत येऊ लागलो. जी गाडी इंधन वाचवण्यासाठी घेतली, तिला फिरवून आणण्यासाठी मी महिन्यातून दोन-तीनदा चाळीस किलोमीटरांचे डिझेल जाळत होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये भाचीचे लग्न झाले. लग्नघरातल्या धावपळीत दोन आठवडे तो दिवा तसाच राहिला, कारण गाडी दिवसभर मंगल कार्यालय ते घर एवढीच धावत होती. लग्नानंतर नवदांपत्याला कुलस्वामिनीच्या दर्शनाला सप्तशृंगी गडावर न्यायचे ठरले. पुढे माझ्या शेजारी दादा, मागे आई, भाची आणि जावई असे आम्ही पाच जण दिंडोरी-वणी मार्गे पहाटेच निघालो. सपाटीवर गाडी जरा सुस्त वाटली एवढेच. एवढ्या लांबच्या रस्त्यावर काजळी जळून जाईल अशी माझी समजूत होती, पण गाळणी एका मर्यादेपलीकडे भरली की गाडीचा संगणक ती क्रिया सुरूच करत नाही, कारण तेवढी काजळी एकदम पेटली तर गाळणीच वितळू शकते. नांदुरी सोडून घाटाला लागलो आणि तिसऱ्या वळणाच्या आसपास गाडीचा जोरच गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग वीसच्या वर जाईना. मागे एसटी हॉर्न देत होती, आई मोठ्याने देवीचे नाव घेत होती आणि नव्या जावयाला उतरून गाडीमागे दगड लावावा लागला. त्या वेळी दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला गाडी चालवता येत नाही. खालच्या गिअरवर ठेवून ठेवून तू इंजिन मारलेस."

पुढचे दर्शन जीपने झाले. सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून काजळी जाळली, ऑइल बदलले आणि साडेचौदा हजारांचे बिल आले. तिथल्या सुपरवायझरने मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी रोज किती चालते?" मी अंतर सांगितल्यावर त्याने पुढे काही विचारले नाही. दादांनी मात्र आजपर्यंत आपले म्हणणे मागे घेतलेले नाही आणि घरातल्या प्रत्येक कार्यात ते तो प्रसंग माझ्या हाताचा दोष म्हणूनच सांगतात.

म्हणून आपल्या वडिलांसाठी हिशोब मांडतो. माझी गाडी वर्षाला सात हजार किलोमीटर चालत असे. या छोट्या फेऱ्यांत डिझेलने मला लिटरला चौदा किलोमीटर दिले आणि आताची पेट्रोल गाडी बारा देते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरले तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आत, म्हणजे वर्षाला सुमारे पंधरा हजार रुपये वाचतात. डिझेलसाठी मी ऑन-रोड एक लाख चाळीस हजार जास्त मोजले होते. ते वसूल व्हायला नऊ वर्षे लागली असती, आणि यात ओझरच्या फेऱ्या व ते बिल धरलेले नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के वाहनकर आहे. दहा ते वीस लाखांमध्ये हेच १२ आणि १४ होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे तिथे फरक पडत नाही, पण आरटीओत पडतोच.

आता आपला मूळ प्रश्न. सुरक्षिततेवरून या दोघींत निवड करू नका, कारण भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत दोघींना पाच तारे आहेत. मी २०२४ च्या दसऱ्याला थ्रीएक्सओ पेट्रोल घेतली. मुख्य कारण होते आईचे गुडघे. थ्रीएक्सओचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २६०० मिलिमीटर आहे आणि नेक्सॉनचा २४९८, त्यामुळे मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा जास्त वाटते. शिवाय तिच्या साध्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, २०० न्यूटन मीटर आहे, नेक्सॉनचा १७०, आणि गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलताना तो फरक पायाला कळतो. ती आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते याचे मला समाधान आहे, पण तेवढ्यावरून आपण घेऊ नये. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची आहे आणि थ्रीएक्सओची २९५, हा फरक पुण्याला चौघांच्या बॅगा नेताना फार जाणवतो. आईला चाकाची खुर्ची लागली असती तर मी नेक्सॉनच घेतली असती. सीएनजी हवा असेल तरी नेक्सॉनच पाहा. सनरूफसाठी वरचे मॉडेल घेणे हा नाशिकच्या एप्रिलमध्ये पैशांचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. आपली नोकरी बदलून रोज सिन्नर किंवा घोटीला जायची शक्यता असेल, किंवा वर्षाला वीस हजार किलोमीटरांच्या वर गाडी चालणार असेल, तर वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. दादांच्या गाडीतही डीपीएफ आहे आणि पिंपळगाव-वाशी रस्त्यावर तो दिवा एकदाही लागलेला नाही. त्यांच्या रस्त्यासाठी त्यांची गाडी योग्यच आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.

गेल्या श्रावणात पावसात आम्ही पुन्हा पाच जण गडावर गेलो. घाट तोच, चालवणारा मीच आणि खालचे गिअरही तेच. गाडी एका दमात वर गेली. दादा शेजारी बसले होते. वर पोहोचल्यावर त्यांनी बिल किती आले होते ते पुन्हा एकदा विचारले आणि मी आकडा सांगितला.