एका वाफेत दोन औषधं कशासाठी?

प्रश्न : आईला दम्याचा जोराचा झटका आला तेव्हा दवाखान्यात नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम एकत्र दिलं. घरी मशीन आहे. रोज तेच द्यावं का?

उत्तर : रोज नको. दोन्ही औषधं श्वासनलिका मोकळी करतात, पण वेगळ्या वाटेने. साल्ब्युटामॉल नळीभोवतीचा स्नायू थेट सैल करतं आणि पाचेक मिनिटांत जाणवतं. नळी आवळण्याचा जो निरोप मज्जातंतूंकडून येतो, तो इप्राट्रोपियम अडवतं; त्याला १५ ते ३० मिनिटं लागतात. म्हणून तीव्र झटक्यात साल्ब्युटामॉल २.५ ते ५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम, पहिल्या तासात साधारण दर २० मिनिटांनी, असं डॉक्टर देतात.

मास्क नाकावर घट्ट बसवा. फट राहिली तर इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यांत जाते आणि काचबिंदू असलेल्यांच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो. शक्यतो तोंडात धरायची नळीच वापरा. हात थरथरणं, धडधड हे साल्ब्युटामॉलमुळे.

यातलं एकही औषध नळीतली सूज उतरवत नाही. ते काम ओढायच्या स्टेरॉइडचं, आणि तेच रोज घ्यायचं. त्याच्या पंपात फॉर्मोटेरॉल (नळी बराच वेळ मोकळी ठेवणारं औषध) असेल तर जोडीला साल्मेटेरॉलचा वेगळा पंप नको. दोन्ही एकाच जातीची, फायदा न वाढता धडधड मात्र वाढते.

झटक्यात वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, तर वाफ चालू ठेवूनच दवाखाना गाठा.