पिवळा कनेक्टर, लाल दिवा

(वाचकांनी विचारलेल्या गाडीच्या दुखण्यांना अंबडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनची उत्तरं)

प्रश्न : दादा, आमची सहा एअरबॅगची हॅचबॅक चार वर्षांची आहे, वॉरंटी संपली. दिवाळीत नवे सीट कव्हर बसवले. त्यानंतर पंधरवड्यातच एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो विझेचना. शिवाय शेजारच्या सीटवर कोणी नसताना बेल्टची टिंगटिंग वाजते. दिंडोरीच्या मळ्यातून द्राक्षांचा क्रेट आणला की हमखास, कधी सीट रिकामी असतानाही. मिस्टरांनी वैतागून बक्कलमध्ये बाजारातली क्लिप खोचली. सर्व्हिस सेंटरने एअरबॅगचं कंट्रोल युनिट बदलायला सांगितलंय, अठ्ठावीस हजार. नक्की काय गेलंय, सीटचा सेन्सर की युनिट?
– एक शिक्षिका, ओझर

उत्तर : ताई, अठ्ठावीस हजार सध्या बँकेतच राहू द्या. तुम्ही एका पत्रात दोन दुखणी लिहिलीत आणि त्यातलं एक दुखणं नाहीच.

टिंगटिंगचं आधी उरकतो. सीटच्या फोमवर, कापडाखाली एक पातळ चटई असते, तोच तुमचा सीटचा सेन्सर. वर वजन पडलं की तिच्यातले संपर्क मिटतात आणि गाडी समजते, कोणी तरी बसलं. वर माणूस आहे की थॉमसनची द्राक्षं, हे त्या चटईला कसं कळावं? १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारचा, दोघांसाठी बेल्टची आठवण सक्तीची झाली, त्यामुळे ही चटई आता साध्या गाडीतही असते. क्रेट डिकीत ठेवा, आवाज बंद. रिकाम्या सीटवर वाजते तो मात्र कव्हरवाल्याचा प्रताप. कव्हर नको इतकं ताणलं की चटई कायम दाबलेली राहते. सीटखालचे हुक एक-दोन घरं ढिले करून बघा.

इंटरनेटवर सीटचा सेन्सर ‘कॅलिब्रेट’ करण्याचे व्हिडिओ सापडतील. ते बहुतेक अमेरिकेतल्या गाड्यांचे. तिथली सीट बसणाऱ्याचं वजन जोखते आणि लहान मूल असेल तर समोरची एअरबॅग बंद ठेवते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांतली चटई फक्त बेल्टची आठवण करून देते. तेव्हा त्या व्हिडिओंच्या नादी लागू नका.

आणि ती क्लिप आजच काढा. मिस्टर रागावले तर माझं नाव सांगा. क्लिप खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागलाय, आणि मग खरोखर कोणी बिनबेल्टचं बसलं तरी ती गप्प राहते. एअरबॅग बेल्टच्या मदतीला असते, बेल्टच्या जागी नाही. बिनबेल्टचा माणूस ब्रेकबरोबर पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या बॅगवर तोंड आपटून घेतो. ती बॅग फुगते डोळ्याचं पातं लवायच्या आत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. तरी रस्त्याकडेच्या दुकानांत अजून टांगलेल्या दिसतात.

आता लाल दिवा. हे खरं दुखणं. किल्ली फिरवली की हा दिवा साधारण सहा सेकंद लागतो, तेवढ्यात युनिट, म्हणजे एअरबॅगचा छोटा संगणक, सगळ्या तारा तपासतं आणि दिवा विझतो. विझला नाही तर युनिटला कुठे तरी खोट सापडली आहे. अपघातात एखादी बॅग उघडणार नाही, काही गाड्यांत एकही उघडणार नाही. गाडी छान चालते म्हणून लोक सहा-सहा महिने तसंच हिंडतात. कसारा घाटात ट्रकच्या मागे उतरताना तरी तो दिवा डोळ्यांना खुपायला हवा.

तुमच्या पत्रातला ‘नवे कव्हर’ हा शब्द वाचला आणि मी अर्धं उत्तर तिथेच लिहून टाकलं. तुमच्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला एकेक साइड एअरबॅग आहे. तिची वायर सीटखाली पिवळ्या कनेक्टरला येते. एअरबॅगचं कनेक्टर पिवळं असतं ते कारागिराने ओळखावं म्हणून. पण कव्हरवाला पोरगा घाईत सीट सोडवतो, कनेक्टर उपटतो, परत खोचताना लॉकची ‘टक’ ऐकत नाही. तेव्हा दिवा लागत नाही. पुढे सीट मागे-पुढे सरकत राहते, वायर ओढली जाते, कनेक्टर अर्धवट सुटतं. आणि मग दिवा. (कव्हर साइड एअरबॅगसाठी बाजूला शिवण सोडलेलं आहे का, तेही बघा. साधं कव्हर असेल तर बॅग आतच अडकेल.)

एअरबॅगच्या आत बॅग फुगवायला ठिणगी देणारा बारीकसा प्रज्वलक असतो, त्याचा रोध (रेझिस्टन्स) दोन-तीन ओहम. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढला किंवा पीन सैल बसली की त्यात ओहमभराची भर पडते आणि युनिट लगेच बोंब मारतं. म्हणजे बोंब मारणारं युनिट बरोबर आहे, ताई. बदलायचं कशाला?

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडची एक गाडी आली होती, हाच दिवा, हाच युनिट बदलण्याचा सल्ला. सीट पुढे घेतली तर खालून द्राक्ष छाटणीची कात्री निघाली. ऑक्टोबर छाटणीपासून तिथेच पडलेली, सीट सरकेल तशी वायरीवर घासत होती. त्यात वॉशिंग सेंटरवाल्याने गालिचा ओला करून ठेवलेला. कनेक्टर साफ केलं, वायर मोकळी बांधली. मजुरी आठशे रुपये. कात्री परत दिली तर मालक म्हणाले, ही तर कधीची शोधतोय!

तुम्ही काय करायचं, तर असं. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं चालतात का बघा. ती पण बंद असतील तर दुखणं सीटखाली नाही, स्टिअरिंगच्या आतल्या गुंडाळलेल्या पट्टीत आहे, तिला आम्ही क्लॉक स्प्रिंग म्हणतो. बॅटरी मधे उतरली होती का, हेही आठवा. कमी व्होल्टेजनेही कोड, म्हणजे युनिटने टिपून ठेवलेली खोट, पडतो. मग एअरबॅगचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर गाडी लावा. साधा स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो आणि ‘काही फॉल्ट नाही’ म्हणून मोकळा होतो. कोडमध्ये डावी साइड एअरबॅग, रोध जास्त, असं आलं की सीटखालचं कनेक्टर बघायला सांगा. मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतो आणि थांबतो का, त्यावर नजर ठेवा. युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. मी दहा मिनिटं थांबतो, एक चहा होतो. न थांबता हात घालणाऱ्याकडून गाडी परत आणा. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प थेट एअरबॅगला लावणाऱ्याकडून तर पळतच या. मीटरचा बारीकसा करंटही प्रज्वलकाला पुरू शकतो. तुम्ही स्वतः सीटखाली वाकून फक्त बघा, ओढू नका. पिन साफ होऊन कोड पुसल्यावर सीट शेवटपर्यंत मागे-पुढे करून घ्या. तरीही तोच कोड परत आला तरच पुढचा विचार.

प्रश्न : सेकंडहँड गाडी बघतोय. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतच नाही. एजंट म्हणतो, बघा, किती निरोगी गाडी!
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घेऊ नका. निदान तपासल्याशिवाय नको. निरोगी गाडीत तो दिवा लागून विझतो. लागतच नाही म्हणजे बहुतेक कोणी तरी बल्ब काढलाय नाही तर तार तोडलीय. असं का करतात? अपघातात बॅग उघडली, नवी घालायला पैसे नव्हते, मग जागा झाकून दिवा मारून टाकला. याहून हुशार लोक बॅगच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावतात, युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे, म्हणजे दिवा अगदी वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो. म्हणून डॅशबोर्डवर बॅगच्या झाकणाची फट, रंग, दाण्याचा पोत हात फिरवून बघा, आणि बेल्ट पूर्ण ओढून त्याच्यावरचं लेबल व तारीख वाचा. गाडीपेक्षा बेल्ट नवा निघाला तर एजंटला विचारा, जुना कुठे गेला.

प्रश्न : डॅशबोर्डवर मधोमध, शेजारची एअरबॅग बंद, असा पिवळा दिवा लागलाय. सूनबाई बाळाची सीट पुढे लावत होती. सेन्सर बिघडला का?
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : नाही आजोबा, सूनबाईने शहाणपणा केलाय. डावं दार उघडा, डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायची खाच दिसेल. बाळाची पाठ पुढे असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही, म्हणून तिने ती बंद केली. आता बाळाची सीट मागे न्या आणि किल्ली ‘ऑन’वर आणा. दिवा विझला की मगच आजींना पुढे बसवा.