टेंडरात ‘रिसायकल कागदाला प्राधान्य’ दिसलं म्हणून लगेच कागद उचलू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि २०१७ चा पावसाळा डोळ्यांपुढं आला. तुमच्या बचत गटाचं फाईल कव्हर आणि लिफाफ्यांचं काम, जिल्ह्यातल्या एका कार्यालयाचं टेंडर, पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘पुनर्वापरित कागदापासून बनवलेल्या वस्तूंना प्राधान्य’. तुमचे प्रश्न दोन: सर्टिफिकेट कुठलं लागेल, आणि मिलवाला आगाऊ पैसे मागतोय तर कागद आत्ताच उचलावा का.

कागद उचलू नका. सर्टिफिकेटचं नंतर बघू. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), डिजिटल सही, जीएसटी हे सगळं झालं असणारच, त्यात मी शिरत नाही. आधी टेंडराचं शेवटचं परिशिष्ट काढा आणि कागदाचं स्पेसिफिकेशन शब्द न् शब्द वाचा.

माझं युनिट उद्यमनगरात. तेव्हा आम्ही रद्दीपासून बनलेल्या बोर्डाची कव्हरं करायचो, बदामी रंगाची, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). एका सरकारी कार्यालयाचं ६०,००० कव्हरांचं टेंडर निघालं. (नाव घेत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला अजून धंदा करायचाय.) पहिल्या पानावर तुमच्यासारखंच प्राधान्याचं वाक्य. म्हटलं, आपल्यासाठीच काढलंय. परिशिष्टात मात्र लिहिलेलं: कागद शंभर टक्के व्हर्जिन पल्पचा (म्हणजे रद्दी न मिसळलेल्या नव्या लगद्याचा), ब्राइटनेस (कागदाच्या उजळपणाचं माप) किमान ८५.

म्हणजे पहिलं पान म्हणतंय रद्दीचा कागद द्या, शेवटचं पान म्हणतंय रद्दीचा कण चालणार नाही. शिवाय ब्राइटनेस हे माप पांढऱ्या कागदाचं, झेरॉक्सच्या कागदाला लावतात. बदामी कव्हराला ८५ ब्राइटनेस मागणं म्हणजे म्हशीकडं पांढरेपणाचा दाखला मागणं. मागच्या वर्षीच्या झेरॉक्स कागदाच्या टेंडरातलं परिशिष्ट कुणीतरी उचलून इथं चिकटवलं होतं, एवढं मला कळलं.

कळूनही मी काय केलं, तर फोन. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती. टेबलावरचा माणूस म्हणाला, “मालक, भरा ओ तुम्ही. ते दरवर्षी तसंच असतंय, कोण बघतंय?” मी भरलं. दर सगळ्यात कमी आला, पुरवठा आदेश हातात पडला, कागद उचलला, रात्रपाळी लावून कव्हरं केली.

जुलैच्या धो धो पावसात दोन टेंपो ताडपत्री बांधून नेले. भांडारात एक गठ्ठा फोडला, भांडारपालानं एक कव्हर ट्यूबलाइटखाली धरलं आणि एका निळसर ठिपक्यावर नख ठेवलं. “ह्यात ठिपके हायत की ओ.” जुन्या छपाईची शाई लगद्यातून पूर्ण निघत नाही, तिचे असे ठिपके राहतात. रिसायकल कागदाची ती जन्मखूण. मी हौसेनं समजावून सांगितलं. त्यांनी कव्हर लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला: ब्राइटनेस ५४.

पाच आठवड्यांनी पत्र आलं, ‘विनिर्देशानुसार नसल्याने माल नाकारण्यात येत आहे.’ मी टेंडराचं पहिलं पान घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी पहिलं पान वाचलं, परिशिष्ट वाचलं, परत पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, “दोन्ही बरोबर आहे.” फोनवर ‘भरा ओ’ म्हणणारा गृहस्थ शेजारी उभा होता, तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. पावणेपाच लाखांचा माल होता ताई. शेडमध्ये ठेवला तर खालच्या थरातली कव्हरं ओल धरून पापडासारखी वाकली. उरलेली क्लासवाल्यांना आणि स्टेशनरीच्या दुकानदारांना निम्म्या भावात दिली.

तीन महिन्यांनी त्याच कार्यालयानं फेरनिविदा काढली. आपल्यामुळं चूक सुधारली म्हणून मी उत्सुकतेनं उघडली. सुधारली होती. परिशिष्ट जसंच्या तसं ठेवून पहिल्या पानावरचं रिसायकल कागदाचं वाक्य काढून टाकलं होतं.

असो. तर तुम्ही फोन करू नका, प्रत्यक्ष जाऊन तोंडी विचारू नका, चहा पिताना तर मुळीच नको. प्री-बिड बैठकीच्या (टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीच्या) आधी गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पत्रात विचारा की प्राधान्य म्हणजे नेमकं काय: दरात सवलत, की दर सारखा आला तर आम्हाला आधी? रिसायकल तंतूचं प्रमाण किमान किती टक्के? आणि परिशिष्टात ‘व्हर्जिन पल्प’ असेल तर ते वाक्य पहिल्या पानाशी कसं जुळतं? उत्तर शुद्धिपत्रकातूनच (टेंडरातल्या दुरुस्तीच्या अधिकृत पत्रकातूनच) आलं पाहिजे. शुद्धिपत्रक निघालं नाही तर मी म्हणेन टेंडर सोडा. गटातल्या बायका नाराज होतील, पण सोडा. जेमवरची (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरची) बोली असेल तर तिथंही आक्षेप लेखी नोंदवता येतो, मुदत तेवढी बघा.

टक्केवारीचा प्रश्न का विचारायचा तेही सांगतो. सगळा रिसायकल कागद एका जातीचा नसतो. छापखान्यातली कोरी कात्रणं ही वेगळी, आणि लोकांनी वापरून टाकलेली वह्या-वर्तमानपत्रांची रद्दी वेगळी. अमेरिकेत १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खरेदीसाठी आदेश काढला, त्यात छपाई-लेखनाच्या कागदात लोकांनी वापरलेल्या रद्दीचा वाटा १९९४ अखेरपासून किमान २० टक्के आणि १९९८ अखेरपासून ३० टक्के असं आकड्यात लिहिलं. कात्रणं त्या आकड्यात धरत नाहीत. आकडा असला की पुरवठादारालाही कळतं आणि तपासणाऱ्यालाही. नुसतं ‘प्राधान्य’ हा शब्द वाचायला गोड, पण भांडारात ट्यूबलाइटखाली त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडं इकोमार्क (पर्यावरणपूरक मालाचं सरकारी चिन्ह) १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही आले. पण टेंडरात तो मागितला नसेल तर त्याच्यामागं धावू नका. मिलकडून तंतूचं प्रमाण लिहिलेलं पत्र घ्या, त्यावर लॉट नंबर असू दे.

आपल्या भागात आणखी एक घोळ चालतो. बगॅसचा कागद ‘रिसायकल’ म्हणून खपवतात. उसाच्या चिपाडाचा कागद झाडं न तोडता होतो, चांगलाच आहे, पण तो कधी कागद म्हणून वापरलेला नसतो. तो शेतीच्या टाकाऊ मालाचा कागद. ऑफरमध्ये रिसायकल लिहिलंत आणि कुणी तक्रार केली तर अडकाल. होजिअरीच्या चिंध्यांच्या हातकागदाचंही तेच, जे आहे तेच लिहा.

नियमांबद्दल लोक इथं एकमेकांत मिसळून काहीही सांगतात, म्हणून थोडं. लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी, त्यात महिला उद्योजकांचे ३ टक्के, बयाणा रकमेतून (टेंडरासोबत भरायच्या अनामतीतून) सूट, आणि आपला दर एल-वनपेक्षा (सगळ्यात कमी दरापेक्षा) १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर एल-वनच्या दरात काही माल द्यायची संधी, हे २०१२ चं धोरण केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना लागू आहे. लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या ३५८ वस्तूंच्या यादीत लिफाफे आणि कागदी पिशव्या आहेत, पण तीही तिथलीच. जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्याचं कार्यालय असेल तर १ डिसेंबर २०१६ च्या राज्य शासन निर्णयातली खरेदी कार्यपद्धती आणि तिच्यातले नंतरचे बदल बघा. तुमचं कार्यालय कुठल्या गटातलं ते पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. आणि उद्यम नोंदणीत ‘व्यापार’ नोंदवलं असेल तर खरेदीतल्या ह्या सवलती मिळत नाहीत, ‘उत्पादन’ हवं. कव्हर कापता, घडी घालता, पंच मारता, म्हणजे उत्पादनच आहे, पण नोंदणीत काय पडलंय ते एकदा उघडून बघा.

मला तेव्हा माहीत नसलेली एक गोष्ट. (मी वकील नाही, सीएला दाखवून घ्या.) एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ प्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर पैशांच्या हिशेबापुरता माल स्वीकारला असं धरतात. मग ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. माझं नकाराचं पत्र पाच आठवड्यांनी आलं होतं! डिलिव्हरी चलनावर तारखेसह पोच होती, फाईलला लावलेली होती, आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये ठिपके समजावत बसलो होतो. हे आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही.

बाकी किरकोळ: नमुन्याची दोन कव्हरं दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन सीलबंद करा, एक तुमच्याकडं राहू दे. पुरवठ्याची तारीख पावसाळ्यात येत असेल तर दिवाळीनंतरची मागून बघा. दिली तर दिली.

परिशिष्टाच्या त्या पानाचा फोटो इथं टाका, कार्यालयाचं नाव झाकून. आणि भांडारपालाला दाखवायला रिसायकल कव्हर कसं दिसतं ह्याचा नमुना हवा असेल तर पत्ता मेसेज करा. माझ्याकडं अजून दोन गठ्ठे आहेत, बदामी, ब्राइटनेस ५४.