दोन वर्षं मोजतात ती पार्सल आल्यापासून, तुम्हाला कळल्यापासून नाही

ओरिजिनल म्हणून विकत घेतलेली जुनी वस्तू खोटी निघाली तर काय, हा प्रश्न यंदा माझ्याकडे चौथ्यांदा आलाय. कधी घड्याळ असतं, कधी जुना कॅमेरा, यावेळी वेहरमाख्टचा, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याचा, कोट आहे. स्टुटगार्टजवळ राहणारे एक वाचक लिहितात: छोट्या जाहिरातींमधून एका खाजगी माणसाकडून 1,850 युरोला 1938 चा आर्मीचा कोट घेतला, एम 36 म्हणजे 1936 चं मॉडेल, गडद हिरवी कॉलर, पाच बटणं, चुण्यांचे खिसे. विकणाऱ्याने व्हॉट्सॅपवर लिहिलं होतं "100 टक्के ओरिजिनल, 1938". पार्सल 14 मार्च 2024 ला आलं, कपाटात गेलं. जानेवारी 2026 मध्ये एका जाणकाराने अस्तरातला शिक्का बघितला आणि सांगितलं की हा खोटा आहे. 18 जानेवारीला यांनी विकणाऱ्याला लिहिलं, त्याने फोटो मागवले, "माझ्या ओळखीच्या तज्ज्ञाला दाखवतो" म्हणाला, मग 22 फेब्रुवारीला "दोन आठवड्यात कळवतो" आणि त्यानंतर गप्प. आता एप्रिल संपत आलाय आणि प्रश्न असा की जाहिरातीत "खाजगी विक्री, गॅरंटी नाही, परत घेणार नाही" असं लिहिलेलं, मग माझं काही होऊ शकतं का?

त्या ओळीने तुमचं वाटोळं होत नाही, सगळे तिलाच घाबरतात पण ती इथे महत्त्वाची नाही. "जबाबदारी नाही" असं सरसकट लिहिलं तरी जो गुण नक्की ठरवून विकला, तुमच्या बाबतीत ओरिजिनल आणि 1938, त्याला ती ओळ लागू पडत नाही, जर्मन कोर्टांनी हे अनेकदा सांगितलंय. फक्त ते ठरलं होतं हे दाखवता आलं पाहिजे आणि जाहिरात तुम्ही सेव्ह केली नाही, ती आता काढून टाकलेली, म्हणजे व्हॉट्सॅपचा तो एक मेसेज हाच काय तो आधार. फोन बदलायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करा, आज करा.

तुमचं सगळं अडकलंय ते तारखेत. जर्मन नागरी संहितेच्या कलम 438 प्रमाणे सदोष मालाबद्दलचा हक्क दोन वर्षांत संपतो आणि ती दोन वर्षं माल हातात आल्यापासून धावतात. तुम्हाला कधी कळलं याचं त्या कलमाला सोयरसुतक नाही. म्हणजे साधा हिशोब केला तर 14 मार्च 2026 ला विषय संपला. बावीस महिने कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून एकदाही अस्तर उलटून न बघणाऱ्या संग्राहकाबद्दल मला जरा कमीच कळवळा वाटतो, 1,850 युरोची वस्तू घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कोणाला तरी दाखवायची असते हो!

पण तुमचं नशीब बरं म्हणून विकणारा बोलला. कलम 203 म्हणतं की दोन्ही बाजूंमध्ये वाटाघाटी चालू असतील तेवढा काळ घड्याळ थांबतं, आणि वाटाघाटी संपल्यावर किमान तीन महिने तरी हक्क जिवंत राहतो. आता "फोटो पाठवा, तज्ज्ञाला दाखवतो" याला वाटाघाटी म्हणायचं का? कोर्टं हा शब्द बऱ्यापैकी सैल वापरतात, समोरच्याने सरळ "काही देणार नाही" असं म्हटलं नाही आणि विषय ऐकून घेतला तर बहुतेक वेळा पुरतं. तुमच्याकडे तो महिनाभराचा संवाद आहे म्हणून मी आशा सोडत नाहीये. तो संवाद नसता तर हे उत्तर तीन ओळींत संपलं असतं.

शेवट कोणत्या दिवशी धरायचा यावर मात्र भांडण होईल. तुम्ही म्हणाल त्याने दोन आठवड्यांचं आश्वासन दिलं होतं म्हणून 8 मार्चपर्यंत वाटाघाटी चालू होत्या, तिथून तीन महिने म्हणजे 8 जून. त्याचा वकील म्हणेल 22 फेब्रुवारीनंतर काही झालंच नाही, म्हणजे 22 मे. तुम्ही 22 मे हीच अखेरची तारीख धरा आणि त्याच्याही खूप आधी काम उरका.

काम म्हणजे काय? तुमचे सगळे मेसेज मी वाचले, "हे कसं काय", "तुम्ही मला फसवलंत", "काहीतरी मार्ग काढू", सगळं आहे, फक्त जे वाक्य हवं ते नाही. करारातून माघार घेतो असं तुम्ही कुठेच म्हटलं नाहीये. ते वाक्य मुदतीच्या आत त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, कारण कलम 218 प्रमाणे मुदतीनंतर केलेली माघार त्याने आक्षेप घेतला की निकामी. आणि उलट बाजू तितकीच मोठी आहे: माघार वेळेत कळवली की पैसे परत मागण्याच्या हक्काला तीन वर्षांची नेहमीची मुदत लागते, मग कोर्टात जायला तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. एका वाक्याची किंमत एवढी आहे. खोट्या कोटाच्या जागी तोच खरा कोट कोणी आणून देऊ शकत नाही, म्हणून आधी दुरुस्तीसाठी मुदत द्यायची पायरी इथे माझ्या मते लागत नाही, तरी पत्रात ते कारण एका ओळीत घाला.

काही जण कोर्टामार्फत जाणारी ऑनलाइन पेमेंट-नोटीस भरायला धावतात, माहनबेशाइड. इथे नको. तुम्हाला पैसे घेताना कोट परत द्यायचाय, आणि बदल्यात काही द्यायचं बाकी असेल तर तो मार्ग बसत नाही, उगीच फॉर्मवर खोटी टिक करून भरलात तर नंतर अंगाशी येईल.

समजा कोर्ट म्हणालं की या वाटाघाटीच नव्हत्या. मग उरते फसवणूक. जाणूनबुजून फसवलं असेल तर कलम 124 प्रमाणे कळल्यापासून एक वर्ष मिळतं, म्हणजे तुम्हाला जानेवारी 2027 पर्यंत, आणि दोन वर्षांची छोटी मुदतही तेव्हा लागत नाही. काहीही माहिती नसताना छातीठोकपणे "100 टक्के" म्हणणं हेही फसवणुकीत धरलं जाऊ शकतं. पण सिद्ध तुम्हीच करायचं आणि समोरचा म्हणेल "आजोबांच्या माळ्यावर मिळाला, मला काय ठाऊक". म्हणून या दाराला दुसरं दार म्हणा, पहिलं नाही. पत्रात दोन्ही लिहा, आधी माघार आणि "तसं नसेल तर फसवणुकीमुळे करार रद्द".

आता खोटा आहे हे कसं दाखवणार? तुमचा मुद्दा यूव्ही दिव्याखाली दोरा चमकतो हा आहे, तो मी मागे ठेवेन. चमक आणणारे रंग युद्धानंतरचे हे खरं, पण जुना कोट कोणी आजच्या पावडरने धुतला तरी चमकतो, समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत हे विचारेल. शिक्का मात्र भारी आहे. तुम्ही लिहिलंय की एकाच शाईत "ई 38" आणि खाली आरबीएनआर, म्हणजे कारखान्याचा सांकेतिक आरबी नंबर, 0 ने सुरू होणारा लांब आकडा. "ई 38" म्हणजे एरफुर्ट शहरातलं सैन्याच्या कपड्यांचं कोठार, साल 1938, ते ठीक. पण आरबी नंबर हे 1942 च्या शेवटाकडे आले, त्याआधी कारखान्याचं नाव-गाव छापायचे. 1938 च्या कोटावर तो आकडा असणं म्हणजे 1975 च्या रेशनकार्डावर आधार नंबर असण्यासारखं आहे. एवढं जजला तज्ज्ञाशिवायही समजतं आणि हीच तुमची खरी ताकद, कारण कोर्टाचा तज्ज्ञ नेमला की फीचा अॅडव्हान्स तुम्हीच भरायचा आणि अहवालाची वाट बघत दोन-दोन हिवाळे गेलेले मी पाहिलेत.

छातीवरचा गरुड, म्हणजे सैन्याचं शिवलेलं चिन्ह, नंतर शिवलेला असू शकतो हे तुम्ही वेगळं लिहिलंय, तो मुद्दा वेगळाच ठेवा. युद्धानंतर खूप कोटांवरून गरुड उसवले गेले आणि संग्राहकांनी परत शिवले, नुसतं तेवढंच असतं तर 1,850 चा वाद जिंकणं अवघड झालं असतं.

रागाच्या भरात कोटाचे फोटो विकणाऱ्याच्या नावासकट ग्रुपवर टाकू नका. त्या गरुडाखाली हाकेनक्रॉइझ आहे, म्हणजे नाझींचं स्वस्तिक. घरात असणं हा गुन्हा नाही, इतिहास-शिक्षणासाठी सूट आहे, पण उघड दाखवणं फौजदारी संहितेच्या कलम 86 ए मध्ये येऊ शकतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. आपल्या दारातलं स्वस्तिक वेगळं हे पोलिसाला समजावत बसायची वेळ आणू नका. परत विकायचा विचार तर सोडाच, खोटं माहीत असून विकलंत तर तुम्हीच त्याच्या जागी बसाल.

कोट धुऊ नका, दोरा काढू नका, शिक्क्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. पत्र छोटं लिहा, पहिलं वाक्य "हियरमिट ट्रेटे इश फोम काउफफरट्राग त्सुरुक" (याद्वारे मी खरेदीच्या करारातून माघार घेतो), मग कारण, मग दोन आठवड्यांत 1,850 युरो खात्यात आणि कोट येऊन घेऊन जा. रजिस्टर पोस्टावर विसंबू नका, पाकिटात काय होतं यावरून लोक वर्षभर भांडतात. शेजाऱ्याला किंवा मित्राला पत्र वाचायला द्या, त्याच्यासमोर पाकीट बंद करा आणि तो माणूस शनिवारी सोबत येऊन विकणाऱ्याच्या टपालपेटीत टाकू दे, तारीख-वेळ एका चिठ्ठीवर लिहून त्याची सही घ्या. या शनिवारी, पुढच्या नाही.