रेल्वेच्या डब्यांच्या छतावर सोलर पॅनेल लावून गाड्या का चालवत नाहीत?

छतं एवढी लांबलचक, ऊन फुकटचं, मग रेल्वेवाले झोपलेत का, असा तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. मी तरी झोपलो नव्हतो. डब्यातले दिवे, पंखे, बॅटऱ्या आणि अल्टरनेटर बघणाऱ्या ट्रेन लाइटिंगमध्ये माझी नोकरी गेली, आणि पॅनेल लावलेला एक डबा आमच्याच पिटलाइनवर, म्हणजे गाडी उभी करून तपासायच्या रुळावर, यायचा. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

आधी हिशेब उरकून टाकू. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या नव्या बनावटीचा, डबा २४ मीटरच्या आसपास लांब, सव्वातीन मीटर रुंद. टोकांना बसवलेली एसीची मशिनं आणि कडेचा उतार सोडला तर पॅनेलला ५० चौरस मीटर मिळाले तरी पुष्कळ. त्यातून भर दुपारी १० किलोवॅट निघतील. बावीस डब्यांचे झाले २२०. पुढे लावलेलं डब्ल्यूएपी-७ इंजिन ४,५०० किलोवॅटच्या घरातलं. आणि हे २२० सुद्धा आभाळ स्वच्छ असताना, बाराच्या उन्हात. लांब पल्ल्याच्या गाड्या रात्रभर धावतात त्याचं काय करणार? गाडी ओढण्याचा विषय इथेच मिटला.

राहिले दिवे-पंखे. जुलै २०१७ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ‘सौरऊर्जेवर धावणारी रेल्वे’ म्हणून सगळीकडे बातम्या झळकल्या होत्या. ती होती डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकलसारखी गाडी. ओढायला १,६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिनच होतं. डब्यावर ३०० वॅटची सोळा पॅनेल, आणि त्यांच्यावर दिवे, पंखे आणि माहितीचे बोर्ड. असे सहा डबे असलेल्या गाडीमागे वर्षाला २१,००० लिटर डिझेल वाचेल, असा रेल्वेचा अंदाज होता. चांगलंच आहे की. पण ‘धावणारी’ कुठून आणली ते बातमी लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तुमचा प्रश्नही बहुधा तिथूनच आलाय.

आमच्याकडचा डबा साधा, नॉन-एसी. डेपोचं नाव लिहीत नाही. अशा डब्याला चाकाच्या ॲक्सलवरून पट्ट्याने फिरणारा साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर असतो, तो ११० व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज करतो. गाडीला वेग असेल तोवर ठीक. पण दर स्टेशनावर थांबणारी, सिग्नलला रखडणारी पॅसेंजर असली की अल्टरनेटरला नीट फिरायलाच मिळत नाही. त्यात पट्टा तुटला किंवा कुणी कापून नेला की पंखे मंदावतात, दिवे पिवळे पडतात आणि प्रवाशांच्या शिव्या आम्हाला. उभ्या गाडीतही पॅनेल बॅटरी भरत राहील, ही कल्पना त्यामुळे मला पहिल्यांदा ऐकली तेव्हाच पटली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला ‘नव्या तंत्रज्ञानाचा विरोधक’ ठरवण्यात आलं.

आमच्या डब्यावर पॅनेलची ट्रायल घेण्याआधी मीटिंग झाली. नवे साहेब, तरुण, हुशार, स्लाइड्स झकास. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? मी म्हटलं, “साहेब, हे धुणार कोण?” साहेब म्हणाले, “पाऊस धुईल.” हॉल हसला. माझ्याकडे बघून हसला.

दसऱ्यानंतर पाऊस गेला की आमच्याकडे जूनपर्यंत त्याचं नाव नाही. आणि गाडीच्या छतावर बसते ती घरच्या गच्चीवरची धूळ नव्हे. ब्रेक लागला की ब्लॉक आणि चाक घासून लोखंडाची पूड उडते. इंजिन वरच्या वायरमधून वीज घेतं ते पेंटोने, त्याच्या वायरला घासणाऱ्या पट्टीतून कार्बन झडतो. त्यावर पहाटेचं दव पडलं की त्या पुडीचा तांबूस थर काचेला धरतो, न घासलेल्या तव्यासारखा. नुसत्या पाण्याने तो हलत नाही. थंडी संपेपर्यंत पॅनेलचा करंट इतका उतरला की क्लॅम्प मीटर बिघडला असेल म्हणून मी दुसरा मागवून बघितला. रजिस्टरला नोंद केली. वरून उत्तर आलं, “साफ करून घ्यावे.”

साफ करून घ्यावे! डब्याच्या छताच्या वरून २५,००० व्होल्टची वायर जाते. चालू वायरच्या दोन मीटरच्या आत माणसाने जायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती ओढते. म्हणजे वर चढायचं तर वायर बंद करून घ्या, अर्थिंग लावा, परमिट हातात घ्या, मग शिडी. पिटलाइनवरची वायर वेगळी बंद करता येते, हे मान्य. पण रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी, तिथे मोजके तास उभा असतो. त्यात पाणी, ब्रेक, संडास, पट्टे, बॅटऱ्या हे सगळं उरकायचं. एका डब्याची काच पुसायला रेक अडवू द्या म्हटलं तर गाड्या सोडणारे ऑपरेटिंगवाले फोन ठेवून देतात.

एकदा मला सांगण्यात आलं, “पाच मिनिटांचं तर काम आहे, पोराला वर पाठवा.” पोरगा म्हणजे आमचा खलाशी (रेल्वेत मदतनीसाला खलाशी म्हणतात), नुकताच भरती झालेला, लग्न ठरलेलं. परमिट हातात आल्याशिवाय मी कुणालाही वर पाठवणार नाही म्हणालो. आठवड्याच्या आत मेमो. कारण, ‘सहकार्याचा अभाव’. तो मेमो अजून माझ्या कपाटात आहे.

पुढे एकदा त्या डब्याचा रेक गाडी रद्द झाल्याने दिवसभर उभा राहिला, तेव्हा रीतसर परमिट घेऊन आम्ही साबणाने, फडक्याने पॅनेल घासली. करंट लगेच वर आला. आकडे घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेब खूश. “बघा, मी म्हणत होतो ना, पॅनेल उत्तम आहेत!” अहवालात ‘समाधानकारक’ लिहिलं गेलं, साहेब बढतीवर गेले आणि डबा वर्कशॉपमधून परत आला तो पॅनेल उतरवूनच. कुणी विचारलंही नाही.

ट्रायलआधीच्या त्या मीटिंगमध्येच मी म्हटलं होतं, पॅनेल पिटलाइनच्या शेडवर घाला. उभी गाडी चार्ज करायला आपण तिथे वीज देतोच, तीच वीज शेडवरून येऊ द्या. वर वायर नाही, खाली माणूस पाइप घेऊन उभा राहू शकतो. मिनिट्समध्ये हे वाक्य आलं नाही. आता बघा. २०२० मध्ये मध्य प्रदेशात बीना इथे रुळालगतच्या जमिनीवर १.७ मेगावॅटचा प्रकल्प झाला, त्याची वीज थेट गाड्यांच्या २५,००० व्होल्टच्या वायरला जाते. गाडी सोलरवर चालवायची खरी रीत ही. ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे इथली, २०१७ मध्ये सुरू झालेली सोलरची गाडी लोक मला पाठवतात. तीन किलोमीटरचा मार्ग, दोन डबे. तिच्याही छतावर साडेसहा किलोवॅट आणि शेडवर ३० किलोवॅट. शेडवर! साहेब हे वाचत असतील तर त्यांनी जरूर वाचावं.

छतावर कुठेच नको असं मी म्हणत नाही. वायर नसलेल्या नॅरोगेजच्या गाड्या आहेत, तिथे करा. मालगाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड वर्षानुवर्षं अंधारात बसत आले, त्यांना एक दिवा आणि एक पंखा मिळणार असेल तर काच कुणीतरी पुसेलच. आणि आमच्या वेळची पॅनेल जड, जुनी होती, आताची बरी असतील. पण ब्रॉडगेजचं जवळजवळ सगळं विद्युतीकरण झालंय. ज्या गाडीवर वायर आहे तिच्या छतावर पॅनेल कशाला? वायरमध्येच उन्हाची वीज सोडा.

तुम्ही हे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर किलोवॅटच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: कोण पुसणार, दर किती दिवसांनी, आणि तेव्हा वायर बंद कोण करून देणार. सर म्हणाले ‘पाऊस धुईल’, तर त्यांना मार्चमध्ये एखाद्या यार्डात घेऊन जा.